पगार कुणाचा, गाव कुणाचं

महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा इतिहास मराठीत लिहायला बसलं की पहिली अडचण समोर येते: दाखवायला संघच नाही. २०१५ साली यूबीए नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात पुण्याच्या नावाचा एक संघ होता, ‘पुणे पेशवाज’. मुंबईच्या नावाचाही होता. दोन्ही पुरुषांचे. तीनेक वर्षांत ती लीग आटोपली. तेवढ्या काळात पुण्याच्या एखाद्या मुलीला ‘मी पुण्याकडून खेळते आणि त्याचे पैसे मिळतात’ असं म्हणण्याची सोय झाली नाही.

मग हे पुस्तक कशावर? खेळून पगार घेणाऱ्या बायका मात्र या देशात कितीतरी वर्षं आहेत. त्या बास्केटबॉल खेळतात, महिनाअखेरीला पगार घेतात, प्रॉव्हिडंट फंड कापून घेतात आणि रिटायर होतात. त्यांच्या जर्सीवर गावाचं नाव नसतं, ‘रेल्वे’ असं लिहिलेलं असतं. त्यांना व्यावसायिक म्हणायला आपण कचरतो, कारण व्यावसायिक खेळ म्हटलं की लिलाव, टीव्ही, रंगीत दिवे आणि शहराच्या नावापुढे जोडलेलं एखादं हिंस्र जनावर असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. मला वाटतं, हिशेब साधा आहे. व्यावसायिक संघाला दोन गोष्टी लागतात, पगार आणि गाव. लीग गाव देते, पण तीन-चार आठवड्यांपुरतं. रेल्वे तीस-पस्तीस वर्षांचा पगार देते, पण तिला गाव नाही. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी फार थोड्या वेळा आल्या आहेत. त्या थोड्या वेळा कशा आल्या, आणि आपल्याकडे का आल्या नाहीत, हा या पुस्तकाचा विषय.

तो पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीत बसून लिहावासा वाटला यालाही कारण आहे. जुनी सांगवी मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे, नवी सांगवी तिला लागून पिंपळे गुरवच्या अंगाला पसरलेली. मुळेपलीकडे औंध आणि खडकीचा दारूगोळा कारखाना, पवनेपलीकडे दापोडी आणि तिथलं एसटीचं वर्कशॉप. थोडं पुढे गेलं की १९५४ सालची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, आकुर्डीची बजाज, भोसरीची एमआयडीसी आणि आता चाकण. म्हणजे हा शिफ्टवाल्यांचा मुलूख. इथल्या जुन्या माणसांना ‘खेळावर लागला’ हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही. मुलगा कबड्डीत चांगला रेडर निघाला, तर कंपनीच्या संघासाठी त्याला उचलायचे, मस्टरवर नाव चढायचं आणि घरात आयुष्यभराची भाकरी यायची. आजही मोठ्या कबड्डी स्पर्धांच्या फलकावर कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांचा गट वेगळा असतो. त्याच घरातल्या मुलीसाठी मात्र ही शिडी कुणी भिंतीला लावली नाही. तिने शाळेत खो-खो खेळावा, तालुक्याचं, जिल्ह्याचं सर्टिफिकेट आणावं, दहावीला ग्रेस मार्क घ्यावेत, आणि नंतर क्लास, कॉलेज, लग्न.

बास्केटबॉलचा जन्म सगळ्यांना पाठ असतो, म्हणून तो लवकर सांगून टाकते. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीएची प्रशिक्षण शाळा, जेम्स नाइस्मिथ, तेरा नियम. कमी माहीत असतं ते एवढंच, की जवळच्याच स्मिथ कॉलेजातल्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९२ मध्येच हा खेळ मुलींना शिकवायला घेतला, आणि १८९३ च्या मार्चमध्ये तिथल्या मुलींचा पहिला सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना दाराबाहेर ठेवलं होतं. बेरेन्सनबाईंनी नियमही बदलले. मैदानाचे तीन भाग केले, आपला भाग ओलांडायचा नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही. मुलींनी दमू नये, धसमुसळेपणा करू नये, हा त्यामागचा विचार. आज हसू येतं, पण याच सोवळ्या नियमांमुळे पालकांनी मुलींना खेळू दिलं. परवानगी मिळवण्यासाठी खेळ लहान करून घ्यावा लागला, आणि तो पुन्हा मोठा करायला शंभर वर्षं लागली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९५३ मध्ये चिलीत भरली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ साली आलं. महिलांचं १९७६ मध्ये, माँट्रियलला.

आता आयोवा. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण या एका अमेरिकन राज्यावर आहे आणि त्याबद्दल मी आधीच बजावून ठेवते, कारण ‘आपल्याला मक्याच्या शेतांशी काय करायचंय’ असं वाचक म्हणू शकतो.

आयोवा हा शेतकऱ्यांचा मुलूख. तिथल्या छोट्या गावांतल्या शाळांनी मुलींचं जुनं बास्केटबॉल सोडलं नाही. सहा जणींचा संघ, तिघी एका अर्ध्यात फक्त बास्केट करायच्या, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायच्या, मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही, आणि चेंडूला दोनदाच टप्पा द्यायचा. बाकी जग पाचांच्या खेळावर गेलं तरी आयोवात हा प्रकार १९९३ पर्यंत चालला. डे मॉइनच्या सभागृहात राज्यस्पर्धा भरली की गावंच्या गावं लोटायची. प्रेक्षकांत बसलेल्या आया आणि आज्या स्वतः हाच खेळ खेळलेल्या असायच्या. कोणी चुकली तर कुठे चुकली हे त्यांना कळायचं.

१९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिलांची पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. आठ संघ होते, आणि त्यातला एक आयोवाचा, ‘आयोवा कॉर्नेट्स’. बाकीच्यांत शिकागो, ह्यूस्टन, न्यूयॉर्क अशा महानगरांचे संघ होते. हा एका राज्याचा, खरं तर खेड्यांचा. मालकांपैकी एक जॉर्ज निसेन. ट्रँपोलिन हे उड्या मारण्याचं साधन बाजारात आणणारा हाच गृहस्थ. संघ एका ठिकाणी बसला नाही. डे मॉइनला खेळला, सीडर रॅपिड्सला खेळला, आणि आपल्या बसमधून राज्यभर हिंडला. मोराव्हिया नावाच्या छोट्या गावातली मॉली बोलिन ही त्यांची हुकमी खेळाडू. शाळेत असताना सहाच्या खेळात तिने एका सामन्यात ८३ गुण केले होते. व्यावसायिक झाल्यावर १९८० मध्ये एका सामन्यात ५५ केले. लांबून धडाधड नेम धरणाऱ्या या मुलीला लोक ‘मशीनगन मॉली’ म्हणायचे.

कॉर्नेट्स दोन हंगाम खेळल्या आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत पोचल्या. पहिल्या वर्षी ह्यूस्टनकडून हरल्या, दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्ककडून. त्यानंतर संघच बंद झाला. वर्षभराने, १९८१ मध्ये, लीगही मोडली. मोडण्याआधीची एक घटना मला फार बोलकी वाटते. मिनेसोटाच्या संघाच्या मुलींचे पगार थकले होते. शिकागोत सामना सुरू व्हायच्या वेळी त्या मैदानावर आल्या आणि न खेळता चालत्या झाल्या. ज्या खेळात आपली किंमत सिद्ध करायला मुलींनी आयुष्य घातलं, त्या खेळातलं त्यांचं सर्वांत व्यावसायिक कृत्य म्हणजे हा बहिष्कार, असं मी म्हणेन. पगार नाही तर काम नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये गेटसभेला उभं राहिलेल्या कुणालाही हे पटकन समजेल.

पुढे डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची लीग आली. तिची स्थापना १९९६ ची, पहिला सामना १९९७ च्या जूनमध्ये. तिथेही सुरुवात आठ संघांनी झाली, आणि पहिली चार विजेतेपदं सलग जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ २००८ मध्ये बंद पडला. चार वेळा जिंकूनही संघ टिकत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. आयोवाने मला शिकवलं ते वेगळंच: तिथे प्रेक्षक आधी होता आणि संघ नंतर आला. पैसेवाल्यांना तो प्रेक्षक सांभाळता आला नाही, ही पुढची गोष्ट.

भारतात हा खेळ वायएमसीएच्या वाटेने आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. आपल्या राज्यात त्याचं मूळ घर मुंबईचं नागपाडा. तिथल्या गल्ल्यांनी अब्बास मुंतसीर यांच्यासारखा कर्णधार दिला, ज्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण ती सगळी पुरुषांची कहाणी, आणि तिच्यावर बरंच लिहिलंही गेलंय.

बायकांची कहाणी रेल्वेने चालते. रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासूनचं. स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात निघते, ट्रायल होते, मेडिकल होतं, आणि खेळाडू क्लार्क किंवा तिकीट तपासनीस म्हणून रुजू होते. सकाळी सराव, मग ऑफिस, स्पर्धा असेल तेव्हा विशेष रजा. चेन्नईची अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेची. एकोणिसाव्या वर्षी ती भारताची कर्णधार झाली, आणि २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. केरळची गीतू ॲना जोसही दक्षिण रेल्वेचीच. सहा फूट दोन इंच उंचीची ही सेंटर ऑस्ट्रेलियात रिंगवूड संघाकडून खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. तिची निवड झाली नाही. पण त्या चाचणीचा प्रवास झेपावा एवढी सुरक्षितता तिला एका सरकारी नोकरीने दिली होती, हे विसरायला नको. व्यावसायिक लीगमधून परत आलेल्या खेळाडूला सोमवारी जायला जागा नसते. गीतूला होती.

या व्यवस्थेची किंमतही आहे. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा महिला संघ उतरतो तो सगळ्या राज्यांच्या निवडक मुली घेऊन. वर्षानुवर्षं रेल्वे जिंकते, आणि राज्यांचे संघ आपणच घडवलेल्या मुलींकडून हरतात. पुण्याची शिरीन लिमये आधी महाराष्ट्राकडून खेळली, पुढे रेल्वेकडून. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकला, त्या संघात ती होती. पुढे तिने भारताचं नेतृत्व केलं. मराठी घरातल्या बास्केटबॉलपटूची ही एवढी मोठी कारकीर्द, आणि पुण्यात कितीजणांना ती माहीत आहे? नवी सांगवीच्या कृष्णा चौकात उभं राहून विचारून बघा. दोष कुणाचा म्हणायचा? तिला पोसणाऱ्या रेल्वेचा तर नाहीच. पण गावाला आपली म्हणून तिचा सामना बघायला जाण्याची संधीच मिळाली नाही.

गाव आणि पगार जवळजवळ एकत्र आले ते भिलाईत. १९५९ मध्ये सोव्हिएत मदतीने सुरू झालेल्या पोलाद कारखान्याभोवती ही वसाहत उभी राहिली, म्हणजे आपल्या पट्ट्याची लांबची बहीणच. तिथे राजेश पटेल या प्रशिक्षकाने कारखान्याच्या पाठबळावर मुलींचं बास्केटबॉल उभं केलं. छत्तीसगडच्या वाड्या-वस्त्यांतून, आदिवासी घरांतून मुली आणल्या, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली, शाळेत घातलं, आणि दोन वेळा कोर्टावर उभं केलं. २००० साली राज्य वेगळं झालं तेव्हा छत्तीसगडची ओळख काय हा प्रश्न होता; महिला बास्केटबॉल हे त्याचं एक उत्तर ठरलं. रेल्वेला घाम फोडणारा संघ या एका वसाहतीतून निघायचा. अंजू लाक्रा, सीमा सिंग, भारती नेताम ही त्यातली नावं. कानपूरची पूनम चतुर्वेदी, जवळपास सात फूट उंचीची, तीही तिथेच घडली. पटेल २०१८ मध्ये गेले. त्यांच्या बऱ्याच मुली रेल्वेत लागल्या, आणि पालक पोरींना त्यांच्या हाती सोपवायचे ते या नोकरीच्या भरवशावर. म्हणजे भिलाईनेसुद्धा गाव दिलं, जेवण दिलं, खेळ दिला. शेवटचा पगार मात्र पुन्हा रेल्वेचाच.

मग आपण का मागे पडलो? पिंपरी-चिंचवडला १९७० ची नगरपालिका, १९८२ ची महानगरपालिका, कधीकाळी श्रीमंत म्हणून मिरवलेली. कारखाने भिलाईपेक्षा संख्येने कितीतरी जास्त. माझ्या मते उत्तर याच संख्येत आहे. भिलाईत एक मालक होता, एक वसाहत होती, आणि एका अधिकाऱ्याला पटलं तर मैदान, वसतिगृह, खाणावळ या तिन्हींची सही एका टेबलावर व्हायची. इथे शंभर मालक, प्रत्येकाचं कुंपण वेगळं, आणि सांगवी-पिंपळे गुरवसारखी गावठाणं कुणाच्याच वसाहतीत नाहीत. कामगार इथे राहायला आला, कंपनीचं क्रीडांगण मात्र गेटच्या आत राहिलं. त्यात मशीनवर बायका नव्हत्या, मग त्यांचा संघ कुठून काढणार?

लीगचं म्हणाल तर तो भाग मी पुस्तकात थोडक्यात उरकलाय. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, ‘पुणेरी पलटण’ घरोघरी पोचली. २०१६ मध्ये महिलांचं ‘कबड्डी चॅलेंज’ झालं, तीन संघ, कुठल्याच शहराच्या नावाचा नाही. आपली अभिलाषा म्हात्रे ‘आइस दिवाज’ची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा अटीतटीचा झाला, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा नव्हती. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर, बालेवाडीत सुरू झालं, पुरुषांचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि कर्णधार होती आपली प्रियंका इंगळे. जगज्जेती कर्णधार आपल्याकडे आहे, तिच्या गावाचा व्यावसायिक संघ नाही.

मला आयोवा इथे आठवते. त्यांचा सहाचा खेळ तो आपला खो-खो आणि कबड्डी. सांगवीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना विचारा, शाळेत पोल मारला नाही किंवा सूर मारून गडी टिपला नाही अशी विरळा. त्यांना खेळ कळतो. बास्केटबॉल हा त्यांच्या दृष्टीने इंग्रजी शाळेच्या आवारातला खेळ आहे, कारण सिमेंटचं कोर्ट आणि दोन रिंगा मराठी शाळेच्या वाट्याला क्वचित आल्या. एका अर्थी हे शरीरासाठी बरंच झालं म्हणायचं. सिमेंटवर वर्षानुवर्षं उड्या मारणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांचं काय होतं त्यावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि नोकरी नसलेल्या खेळाडूच्या ऑपरेशनचा खर्च घराचा.

नवी सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर महापालिकेची पवनाथडी जत्रा भरते, तेव्हा बचत गटांच्या बायका तिथे चार दिवसांत स्टॉल उभे करतात, मांडे भाजतात, हिशेब ठेवतात, आणि तुफान गर्दी जमवतात. संघ चालवायला जे लागतं त्यातलं बरंचसं यांना येतं. एरवी त्या मैदानावर संध्याकाळी क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत घुसून चाललेले असतात आणि मुली कडेने चालत असतात. अंधार पडला की त्याही नसतात. मैदानाला दिवे नसणं आणि मुलींचा खेळ संपणं यांचा संबंध किती थेट आहे, ते प्रशिक्षकांपेक्षा आयांना जास्त माहीत असतं.

शेवटच्या प्रकरणात एक हिशेब मांडलाय, तो इथेच सांगते. बारा खेळाडूंचा संघ, प्रत्येकीला महिना तीस हजार रुपये पगार. वर्षाचे होतात ४३ लाख २० हजार. प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास, हॉलचं भाडं धरून ही रक्कम दुप्पट करा. २०२३ मध्ये महिला क्रिकेटच्या पहिल्या लिलावात सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना गेली. तिला ते मिळायलाच हवेत. त्याच पैशात बास्केटबॉलच्या सात संघांचे वर्षभराचे पगार निघतील आणि तरी काही शिल्लक राहील.

पैसे कंपन्यांच्या सीएसआरमधून येतील, असं पुष्कळजण सुचवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे आहेत, आणि त्यात ऑलिंपिकच्या व राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण बसतं. पण नियम नीट वाचले तर जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात चालत नाही, आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्चही चालत नाही. म्हणजे सीएसआरमधून मुलीला खेळ शिकवता येईल, रिंग उभारता येईल, दिवे लावता येतील. तिचा पगार मात्र कुठल्यातरी कंपनीच्या नेहमीच्या मस्टरवरच टाकावा लागेल, जसा तिच्या काकाचा कबड्डीसाठी टाकला होता. चाकणच्या कारखान्यांत आता मुली लाइनवर उभ्या राहतात, बसने शिफ्टला जातात, त्यामुळे पूर्वीची सबब उरलेली नाही. अशा बारा जागा कोणत्या खात्यात निघू शकतात, रजा कशी द्यावी लागेल, खेळणं थांबल्यावर त्यांना कोणतं काम द्यायचं, याची रेल्वेच्या पद्धतीवरून काढलेली मांडणी त्या प्रकरणात आहे. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या वाचकांनी आधीची सगळी प्रकरणं सोडून थेट तिथून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.